आफ्रिका बघायला गेलो होतो

गेल्या डिसेंबरात आम्ही डाळजचे अकरा जण क्रूझर करून कर्नाटकात मुंडगोडला गेलो होतो. तिथे 1966 साली वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथले मोठे विहार पाहायचे होते. पाहिले, वंदना झाली, चहापाणी झाले. त्याविषयी पुन्हा केव्हातरी. आज सांगायचे ते तिथून निघाल्यानंतरचे.

आमच्या ड्रायव्हरने त्या बाजूला पूर्वी फेऱ्या मारलेल्या. तो म्हणाला, "आफ्रिका बघायची का? यल्लापूरच्या रस्त्याला जंगलात सगळी हबशी माणसं राहत्यात. तिकीट नाही, काही नाही." गाडीत एकच गलका झाला, चला चला! मीही 'चल' म्हणालो, हे आधीच कबूल करतो.

ही माणसे म्हणजे सिद्दी. सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो, नाहीतर मलिक अंबर. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 साली त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. आपल्या इंदापूरला ज्यांची गढी आहे ते मालोजीराजे त्याच निजामशाहीचे सरदार. म्हणजे हे नाव आपल्याला परके नाही. पण जंगलातल्या या सिद्दींना ना किल्ला मिळाला ना वजिरी. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे जहाजात भरून गोव्याला आणली आणि बाजारात विकली. त्यातले जे मालकाच्या घरून पळाले, ते घाट चढून या रानात शिरले. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांत त्यांची वंशावळ आजही आहे. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान, पण जमात एक, आणि आडनावाच्या जागी बहुतेकांचे 'सिद्दी'च.

आमच्या डोक्यात टीव्हीवरची आफ्रिका. गवताच्या झोपड्या, भाले, अंगावर रंग. उतरून पाहतो तर कौलारू घरे, सारवलेले अंगण, कोंबड्या, दोरीवर वाळत घातलेला शाळेचा गणवेश, आणि छपरावर डिश. आमच्यातला एक जण चक्क नाराज झाला. "हे तर आपल्यासारखंच आहे की," म्हणाला.

आणि मग आम्ही वागलो. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा, कॉलेजात शिकतो, त्याने अंगणात खेळणाऱ्या एका पोराच्या कुरळ्या केसांत हात घातला आणि दुसऱ्या हाताने मोबाईल समोर धरला. पोराची आई आली, काही बोलली नाही, पोराला उचलून आत घेऊन गेली. तेवढ्यात गाडीतला दुसरा एक जण म्हणाला, "यांचा नाच लई भारी असतोय. नाचून दाखवा म्हणावं, देऊ की शंभर-दोनशे."

ओट्यावर एक म्हातारी शिवत बसली होती. या लोकांची बोली कोकणी, तीत मराठी आणि कानडी मिसळलेली, त्यामुळे आमचे सगळे तिला कळत होते. हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. तिने सुई थांबवली आणि विचारले, "आज लग्न कोणाचे आहे?"

एवढेच. त्यांचा डमाम वाजतो तो सणाला, लग्नाला. कुणी गाडीतून उतरले म्हणून वाजत नाही. आमची तोंडे बंद झाली.

मला त्या क्षणी डाळजचा काठ आठवला. वाचक बंधुभगिनींनो, उजनीचे पाणी आपल्या दारात आले तेव्हापासून हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. भिगवण, कुंभारगाव, डिकसळला पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात, हातभर लांब कॅमेरे येतात. येऊ देत, नावाड्यांच्या चुली त्यावर पेटतात. पण एकदा माझी आई काठावर धुणे आपटत होती, तेव्हा अशाच एका साहेबाने तिचा फोटो काढला आणि वर सांगितले, "आजी, हात तसाच वर धरा, पुन्हा एकदा." आईने धरला. घरी येऊन म्हणाली, "मला कशापायी काढलं आसंल रं? पाखरं तिकडं होती." तो फोटो आम्हाला कधी मिळाला नाही. आई जाऊन आता सहा वर्षे झाली. काम करतानाचा तिचा एकही फोटो घरात नाही. पुण्यात कुणाच्या तरी भिंतीवर असेलही.

मी पुढे होऊन म्हातारीची माफी मागितली. पुतण्याला आत पाठवून त्या पोराच्या आईची मागायला लावली. म्हातारीने हातानेच 'बसा' म्हटले. बसल्यावर आमच्या मंडळींचे लक्ष तिच्या मांडीवर गेले, "अहो, ही तर वाकळ!" त्यांच्याकडे तिला कवंद म्हणतात. जुनी लुगडी, सदरे, पोरांचे फाटके कपडे, सगळे त्यात जाते. पण रीत वेगळी. आपण थर पसरून टाके घालतो. ती एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने तुकडे जोडत, धावदोऱ्याने मध्याकडे येत होती. चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुले लावायची, त्याला ती 'फुला' म्हणते. फुलांशिवाय कवंद उघडी, असे म्हणाली. मंडळींनी तासभर तिच्याकडून ते शिकून घेतले, तिला आपला टाका दाखवला. दोघी एकमेकींना हसत होत्या. आम्ही पुरुष मात्र पाहुण्यासारखे गप्प बसलो, आणि ते बरेच झाले.

मी कारकून माणूस, मला दाखल्याचे वेड. तिच्या मुलाला विचारले, तर समजले की उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 साली मिळाला. पण बेळगाव आणि धारवाडच्या त्यांच्याच भाऊबंदांना त्यासाठी 2020 चा कायदा यावा लागला. जिल्ह्याची हद्द मध्ये, आणि सख्खी बहीण पलीकडे दिली की तिच्या पोरांना दाखला नाही! सतरा वर्षे! त्याच 2020 साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले, त्या सभागृहात बसलेले पहिले सिद्दी. त्याआधी 1987 च्या सुमारास सरकारने या पोरांना खेळाडू करायला नेले होते, रक्त आफ्रिकेचे म्हणजे पळतील जोरात, या हिशेबाने. काही वर्षांत योजना गुंडाळली. पाय पाहिले, माणूस राहिला.

निघताना म्हातारी स्वतःच म्हणाली, "आता काढा फोटो." ओट्यावर बसली, कवंद मांडीवर पसरून, एका बाजूला आमची मंडळी, दुसऱ्या बाजूला सून, आणि सुनेच्या कडेवर तोच पोरगा. पुतण्यानेच काढला. मग तिने माझ्याकडे बघून विचारले, "काढतात सगळे. पाठवणार कोण?"

मुलाकडून पत्ता लिहून घेतला. भिगवणच्या स्टुडिओत मोठ्या आकाराच्या चार प्रती काढल्या, पुठ्ठा घालून पोस्टाने पाठवल्या. पोच परत आली आहे, त्यावर कानडीत सही आहे. कुणाची ते मला वाचता येत नाही.