कासवीची दृष्टी आणि माशाचे घ्राण

मराठवाड्याला समुद्र नाही. लातूरच्या वर्गात तो बहुधा प्रतिमा होऊन येतो आणि कासवही तसेच येते. गीतेतील स्थितप्रज्ञ कासवाप्रमाणे इंद्रिये आवरून घेतो. संतवाङ्मयातील कासवी पिलांना केवळ दृष्टीने पोसते. २०१७ साली सुवर्णकमळ मिळालेल्या ‘कासव’ या मराठी चित्रपटातही ते मिटून गेलेल्या मनाचे रूपक आहे. परंतु खऱ्या समुद्रातील प्राण्यांच्या इंद्रियांवरच संकट आल्याची चर्चा होत असताना साहित्याच्या अभ्यासकाने रूपकापाशी थांबावे काय, असा आमचा प्रश्न आहे.

माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे औद्योगिक काळापासून पृष्ठजलाचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास उतरला. फरक किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात ती आम्लतेत झालेली सुमारे ३० टक्के वाढ आहे.

२००९-१० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील काही प्रयोगांनी जगाला चकित केले. अधिक आम्ल पाण्यात वाढलेली क्लाउनफिशची पिले घ्राणशक्ती गमावतात आणि शत्रूच्या वासाकडेच ओढली जातात, असे त्यांत म्हटले होते. आपल्या मृत्यूकडे आपणहून पोहत जाणारा जीव! शोकांतिकेला याहून नेमका नायक कोठे मिळणार? पुढे अन्य संशोधकांनी सहा जातींच्या नऊशेहून अधिक माशांवर तीन वर्षे हेच प्रयोग करून पाहिले. २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की प्रवाळभित्तींवरील माशांच्या वर्तनावर आम्लतेचा परिणाम नगण्य आहे. वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु मूळ कथेची खात्री आता उरलेली नाही.

यातून समुद्र सुखरूप असल्याचा अर्थ काढणे हा शुद्ध आळस होय. जे निश्चित आहे, ते कमी नाट्यमय असले तरी अधिक गंभीर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ साली ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण आरंभिले आणि गावाने ते काम आपले मानले. तेथे येणारी मादी अंडी वाळूत पुरते आणि मागे न पाहता समुद्रात परतते. पिलू नर होणार की मादी, हे वाळूची ऊब ठरवते. ऊब वाढली की माद्या वाढतात. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या तरुण पिढीत ९९ टक्क्यांहून अधिक माद्या असल्याचे २०१८ मधील अभ्यासात दिसले. वेळासच्या वाळूला नियम वेगळा नाही.

पर्यावरणवादी समीक्षा आता आपल्या अभ्यासक्रमांत रुजते आहे. तिच्यात करुणा पुष्कळ आहे. पुराव्याची चिकित्सा मात्र अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हस्तलिखिताचा पाठ ठरवताना आपण एका प्रतीवर विसंबत नाही. केवळ अर्थ सुंदर लागतो म्हणून पाठ स्वीकारत नाही. तीच शिस्त समुद्राविषयीच्या कथांना लावली पाहिजे. अन्यथा एक सुंदर कथा कोसळेल आणि तिच्याबरोबर खऱ्या संकटावरचा विश्वासही.

कासवीची ती दृष्टी काव्यात खुशाल राहो. आपल्या पिलांवर नजर ठेवण्याचे काम ती कधीच करत नव्हती. ते आता माणसाकडे आले आहे, आणि त्यासाठी आपली नजर स्वच्छ हवी.