समुपदेशकाच्या खोलीचें दार

विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची काळजी वाहणें हें शाळेचें काम आहे कीं नाहीं, हा वाद आतां उरलेला नाहीं. ता. २५ जुलै २०२५ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें असें फर्माविलें कीं, ज्या शिक्षणसंस्थेंत १०० वा त्यांहून अधिक विद्यार्थी आहेत, तिनें किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमिला पाहिजे. लहान संस्थांनीं बाहेरच्या तज्ज्ञांशीं रीतसर संबंध जोडावा. दहिसरसारख्या गजबजलेल्या उपनगरांत शंभरांहून कमी मुलांची माध्यमिक शाळा सांपडणें कठीणच. तेव्हां खोली मिळेल, खुर्ची मिळेल, दारावर पाटीहि लागेल. राहिला प्रश्न तो निराळाच आहे. त्या खोलींत मुलानें जें सांगितलें, तें कोणाचें? मुलाचें, शाळेचें, कीं आईवडिलांचें?

आमचें उत्तर आम्ही प्रथमच देऊन टाकतों: तें मुलाचें. मुलाच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या सुरक्षिततेस धोका असेल, तर तेवढें वडील मंडळींस कळलेंच पाहिजे. एरव्हीं त्यांतील एक शब्दहि मुलाच्या संमतीवांचून त्या दाराबाहेर जाऊं नये. हें मत पुष्कळ पालकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. म्हणूनच तें येथें सविस्तर मांडीत आहों.

कित्येकांस समुपदेशन हें आजकालचें खूळ वाटतें. तें तसें नाहीं. मुंबईंत सन १९३६ मध्यें सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें शिक्षण देणारें विद्यालय निघालें. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुढल्याच वर्षीं, १९३७ मध्यें, तिच्या आश्रयानें मुलांसाठीं मार्गदर्शन-केंद्र उघडण्यांत आलें. म्हणजे घरोघरीं ज्यांस 'हट्टी', 'मंद' किंवा 'व्रात्य' म्हणून हिणविलें जाई, त्या मुलांचें म्हणणें तरी काय आहे, हें शांतपणें ऐकून घेणारीं माणसें याच शहरांत तेव्हांपासून होतीं. आमच्या डोंगरापलीकडे ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनीं १९९० मध्यें 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था काढली, आणि मनाच्या प्रश्नांविषयीं मराठींत उघडपणें बोलण्याचा पायंडा दृढ केला. या कामाची गरज किती आहे, तेंहि पाहावें. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें २०१५-१६ मध्यें देशांतील १२ राज्यांत पाहणी केली. तींत १३ ते १७ या वयाच्या मुलांमुलींत शेंकडा ७.३ जणांस कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचें आढळलें. पन्नास मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणिला, तर त्यांत तीन-चार मुलें अशीं निघावयाचीं. साध्या चिंतेनें झुरणारीं मुलें यांत धरलेलींच नाहींत.

असें असतां, मदत दाराशीं आली तरी मुलें तेथवर कां जात नाहींत? आमच्या समजुतीप्रमाणें तीं दोन भीतींनीं अडतात. एक भीति 'वेडा' या शिक्क्याची. ती हळूहळू कां होईना, ओसरत आहे. दुसरी भीति 'मी बोललों तें घरीं कळेल' ही. आणि हिला मात्र मोठ्या माणसांनींच आपल्या वागण्यानें जिवंत ठेविलें आहे. मुलगी समुपदेशकांस भेटून आली कीं आई उंबरठ्यावरच विचारते, "काय काय सांगितलंस ग त्यांना?" दुसऱ्या दिवशीं वडील शाळेंत फोन करितात. शिक्षकांच्या खोलींत चहाबरोबर तोच विषय निघतो. आणि आठवडा सरण्यापूर्वींच इमारतीच्या जिन्यांत एखादी शेजारीण त्या मुलीकडे करुणेनें पाहूं लागते. यांपैकीं कोणाचाहि हेतु वाईट नसतो. परिणाम मात्र असा होतो कीं, ती मुलगी पुन्हां त्या खोलीची पायरी चढत नाहीं.

आमच्या भागांतील राहणीचा विचार केला म्हणजे या भीतीचें मर्म कळतें. दहिसरांतील कितीतरी घरांतून आईवडील सकाळींच चर्चगेटकडील गाडी गांठतात व दिवेलागणीनंतर गर्दींत चेंगरून परततात. घर एका किंवा दोन खोल्यांचें. त्यांतच आजी, धाकटीं भावंडें, दूरचित्रवाणी आणि अभ्यास. चाळींत काय किंवा नव्या टोलेजंग इमारतींत काय, भिंतीपलीकडचें बोलणें ऐकूं येतें. अशा घरांत माया असते, एकांत नसतो. ज्या मुलास रडावयासहि कोपरा मिळत नाहीं, त्याच्या आयुष्यांत शाळेंतील ती लहानशी खोली हेंच लोटून घेतां येण्याजोगें एकमेव दार असूं शकतें.

येथें आमच्या नदीचा दाखला देणें अप्रस्तुत होणार नाहीं. दहिसर नदी तुळशी तलावाच्या बाजूस उगम पावते, राष्ट्रीय उद्यानाच्या रानांतून उतरते आणि वस्ती ओलांडून मनोरीच्या खाडीस मिळते. वस्तीनें तिचें पात्र दोन्ही बाजूंनीं आवळीत आणिलें, आणि वर त्यांत गाळ व केरकचरा लोटला. ता. २६ जुलै २००५ रोजीं, ज्या दिवशीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशीं ती कांठ सोडून लोकांच्या घरांत शिरली. पाण्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला जावयास वाट ठेविली नव्हती. मुलाच्या मनांतील दुःखासहि अशीच एखादी वाट लागते. ती बुजविली म्हणजे तें दुःख चिडखोरपणाच्या, अबोल्याच्या, पोटदुखीच्या किंवा अभ्यासांतील घसरणीच्या रूपानें भलतीकडूनच घरांत शिरतें.

'समुपदेशक' या शब्दांत 'उपदेश' बसलेला असल्यामुळें त्याच्या कामाविषयीं गैरसमज होतो. उपदेशाचा तोटा आपल्या घरांत कधींच नव्हता. समुपदेशकाचें पहिलें काम ऐकून घेण्याचें. मूल आपल्या गतीनें बोलतें, मध्येंच थांबतें, विषय बदलतें; तो घाई करीत नाहीं, निवाडा देत नाहीं, शेजारच्या हुषार मुलाचें उदाहरण पुढें करीत नाहीं. बोलतां बोलतां मुलास स्वतःलाच उमगतें कीं, 'मला शाळा आवडत नाहीं' या वाक्याच्या मुळाशीं गणिताच्या तासास होणारी फजिती आहे; किंवा वडिलांवरील रागाच्या तळाशीं त्यांची नोकरी जाईल ही धास्ती आहे. दुःखाचें नेमकें नांव सांपडलें कीं त्याचा धाक कमी होतो, आणि पुढें काय करावें याचा विचार दोघांस मिळून करितां येतो. दुखणें औषधोपचाराचें दिसलें, तर पालकांस विश्वासांत घेऊन तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे जाण्यास सुचवितो. हें सारें विश्वासावर चालतें. सोमवारीं सांगितलेली गोष्ट मंगळवारीं जेवतांना वडिलांच्या तोंडून परत ऐकूं आली, तर बुधवारपासून तें मूल 'सगळें ठीक आहे' एवढेंच म्हणेल. आणि तें खोटें बोलावयास आपणच त्यास शिकविलें असें होईल.

यावर पालक म्हणतील, "मूल आमचें, जबाबदारी आमची, मग आमच्यापासूनच गुपित कसलें?" हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. कायद्यानेंहि तो विचारांत घेतला आहे. मानसिक आरोग्यसेवेविषयीं २०१७ मध्यें झालेल्या कायद्यानें उपचार घेणाऱ्या प्रत्येकास आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला; त्याचबरोबर जीवितास धोका किंवा दुसऱ्यास इजा होण्याचा संभव अशा प्रसंगीं त्यास अपवाद ठेविले, आणि १८ वर्षांखालील मुलाचा प्रतिनिधि म्हणून त्याच्या पालकासच मान दिला. बालकांवरील लैंगिक अत्याचाराविषयीं २०१२ चा जो कायदा आहे, त्याप्रमाणें तर असा गुन्हा ठाऊक झालेल्या कोणासहि गप्प बसण्याची मुभा नाहीं. ती गोष्ट पोलिसांस कळवावीच लागते. तेव्हां निरपवाद गुप्ततेचें वचन कोणीहि समुपदेशक देऊं शकत नाहीं, आणि देऊंहि नये. चांगला समुपदेशक पहिल्याच भेटींत मुलास सांगतो कीं, अमुक गोष्टी मला सांगाव्या लागतील, बाकीच्या आपल्या दोघांत राहतील. मर्यादा आधीं कळलेली असली म्हणजे पुढें विश्वासघात झाला असें वाटत नाहीं.

परंतु या 'बाकीच्या' गोष्टी काय असतात? मैत्रिणीनें बोलणें टाकलें; दहावीची धडकी भरली; आरशांत पाहावेंसें वाटत नाहीं; कोणाविषयीं तरी मनांत हुरहूर वाटते; आईवडिलांचें भांडण रात्रीं ऐकूं येतें. यांत धोका नाहीं, वाढत्या वयाचा भार आहे. खरें बोलावयाचें तर, 'पोरानें आमच्याविषयीं काय सांगितलें' ही शंकाच पुष्कळ पालकांस अधिक टोचत असते. घरांत जें सोसलें तें मूल बोलणारच. तेवढ्यानें तें घराशीं बेइमान होत नाहीं. वकिलाशीं झालेलें बोलणें आपण शेजाऱ्यांत वाटीत नाहीं, डॉक्टरांनीं आपलें दुखणें चव्हाट्यावर सांगितलेलें आपणांस खपत नाहीं. जो मान आपण स्वतःसाठीं मागतों, तो मुलास नाकारण्याचें कारण एवढेंच कीं तें लहान आहे. आणि हें कारण न्यायाचें नव्हे.

मग पालकांनीं हात जोडून स्वस्थ बसावें काय? मुळींच नाहीं. मूल भेटीहून परत आलें कीं 'काय सांगितलंस?' याऐवजीं 'भूक लागली असेल ना?' एवढें विचारावें. समुपदेशकांस अवश्य भेटावें. मात्र 'तो काय बोलला' हें न विचारतां 'आम्हीं घरीं काय बदलावें' हें विचारावें. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर गुप्तता न मोडतां देतां येतें, आणि उपयोगीहि तेंच पडतें.

शाळांसहि आमचें सांगणें आहे. ही खोली मुख्याध्यापकांच्या कचेरीस लागून नसावी. तेथें जाणारा प्रत्येकजण शिक्षा भोगावयास चालला आहे असें दिसतें. गुण देणाऱ्या शिक्षकाकडेच हें काम सोंपवूं नये. खोडी केली म्हणून मुलास तेथें पाठवूं नये, आणि वर्गांत सर्वांदेखत 'तूं जरा समुपदेशकांकडे जाऊन ये' असें म्हणूं नये. विद्यार्थ्यांस चारचौघांत लाजविणें संस्थांनीं टाळावें, असें सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच आदेशांत स्पष्ट म्हटलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटचे दोन शब्द तुमच्यासाठीं. मित्रानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट पोटांत ठेवणें हा सद्गुण आहे. त्यास एकच अपवाद. एखादा सोबती जगणें नकोसें झालें असें म्हणूं लागला, किंवा कोणी त्यास छळीत आहे असें तुम्हांस कळलें, तर शपथ घातली असली तरी ती मोडा आणि ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे अशा मोठ्या माणसास त्याच दिवशीं सांगा. मित्र रागावेल, परंतु तो असेल, हें महत्त्वाचें. आणि असा विचार स्वतःच्याच मनांत येऊं लागला, तर एकट्यानें सोसूं नका. ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारनें 'टेली-मानस' नांवाची विनामूल्य सेवा चालू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्रीं केव्हांहि बोलतां येतें.

मुलांनीं आईवडिलांपासून दूर व्हावें, असा या लेखाचा हेतु नाहीं. मनांतलें नीट शब्दांत सांगणें हीहि एक विद्या आहे, आणि कोणतीहि विद्या प्रथम सुरक्षित जागीं, चुकत-माकतच येते. जें मूल एका माणसाजवळ निर्भयपणें खरें बोलावयास शिकलें, तें उद्यां आईजवळ, परवां वडिलांजवळ आपण होऊन बोलूं शकेल. तो दिवस कोणता, हें मात्र त्याचें त्यास ठरवूं द्यावें.