दोष वनवीराचा की लेखणीचा?

चित्रकथा म्हणजे टाकाऊ वाचन, असा निवाडा आपल्यातील बरीच सुशिक्षित मंडळी न वाचताच देऊन टाकतात. आम्हांला तो मान्य नाही.

का-झार या अमेरिकन वनवीराचेच उदाहरण घ्या. १९३६ साली स्वस्त कथामासिकातून अवतरलेला हा नायक उघडउघड टारझनची नक्कल होता. १९६५ मध्ये स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी त्याला नवा अवतार दिला. अंटार्क्टिकातील गुप्त अरण्य, डायनोसॉर, सोबतीला झाबू हा सुळेवाला वाघ! देखावा पालटला, माणूस मात्र पोकळच राहिला.

१९८१ साली ब्रूस जोन्स यांनी लेखणी हाती घेतली आणि या बलदंड देहात मन घातले. श्वापदांशी झुंजणे एवढेच का जगणे, हा प्रश्न त्याला छळू लागला. शॅना ही पशुवैद्य सखी त्याच्याशी वाद घालू लागली, रुसू लागली. पुढे त्याच मालिकेत दान्तेच्या नरकलोकावर बेतलेले कथानकही आले. नायक तोच, अरण्यही तेच, फरक लेखकाचा.

दुय्यम पात्रासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमचा उलट सवाल आहे : पात्र दुय्यम म्हणून लेखकाचा आळस क्षम्य ठरतो काय?

पालकहो, मुलाच्या हातची चित्रकथा हिसकावण्यापूर्वी चार पाने वाचा. नायकाला भुजांबरोबर अंतःकरणही आहे का, ते पाहा. नसेल तर खुशाल दूर ठेवा. मात्र आपल्या कपाटातील जाडजूड कादंबऱ्याही त्याच कसोटीवर घासून पाहा.