बल्बला डीओबी चालेल, पार्किंगला नको

ठाण्यात बाळकुम नाक्यावर नऊ वॅटचा स्वस्तातला बल्ब मागितला, की हाती पडतो तो बहुधा ‘डीओबी’. ड्रायव्हर ऑन बोर्ड. पूर्वी बल्बच्या गळ्यात वेगळं सर्किट असायचं, त्यात कॉइल आणि कपॅसिटर. आता रेक्टिफायर, करंट धरणारी आयसी आणि एलईडीच्या चिप्स एकाच अॅल्युमिनियमच्या प्लेटवर बसतात.

हे किमतीनं घडवलं. ईईएसएल या सरकारी वीजबचत कंपनीनं २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना घेतलेला बल्ब २०१६ संपायच्या आत ३८ रुपयांवर आला. इतक्या पैशात कॉइल गुंडाळत कोण बसणार?

डीओबीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. उष्णतेनं आधी मरतो तो इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. तो काढला तर एक दुखणं खरंच जातं. मात्र तो गेला की उजेड सेकंदाला शंभर वेळा खाली-वर होतो. डोळ्याला दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे उमटतात. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर असा दिवा मी लावणार नाही.

दुसरी गोम व्होल्टेजची. या प्लेटवर चिप्सची माळ २३० व्होल्टचा हिशेब धरून ओवलेली असते. रात्री लोड उतरला, व्होल्टेज चढलं, की जास्तीचं सगळं आयसीत उष्णता होऊन जिरतं. आणि ती आयसी चिप्सच्या शेजारीच. वीज जाऊन परत येतानाचा झटकाही थेट प्लेटवर. माळेतली एक चिप उघडी पडली की ती अख्खी माळ अंधारात.

पाच-पन्नास रुपयांच्या बल्बला हे चालून जातं. पण तीच प्लेट पॅनेलमध्ये, पार्किंगच्या ट्यूबमध्ये, आवारातल्या खांबावर आली की हिशेब फिरतो. ड्रायव्हर वेगळा असेल तर वायरमन तेवढाच बदलतो. डीओबीत प्लेटच बदलायची. तशीच प्लेट मिळाली नाही तर अख्खा दिवा भंगारात. शिवाय या प्लेटला मेन्सपासून आयसोलेशन नसतं. झाकण काढून चालू दिव्यात टेस्टर खुपसणाऱ्या हौशी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

बाळकुम, कोलशेतच्या नव्या टॉवरांमधल्या कमिट्यांना एवढंच सांगणं: दिव्यांचं कोटेशन मागवताना वॅट आणि गॅरंटीवर थांबू नका. ड्रायव्हर वेगळा आहे का आणि सर्ज प्रोटेक्शन किती केव्हीचं, हे लेखी घ्या. द्यायला टाळाटाळ करणाऱ्याला ऑर्डर देऊ नका.