जुन्या गाडीचा फ्युएल पंप का बंद पडतो? दोष ‘ई-२०’चा, सीएनजीचा की वयाचा?

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर घोडबंदरच्या खाडीपुलापासून विरार फाट्यापर्यंत वाहने तासन्‌तास रेंगाळणे वसई-विरारकरांना नवे नाही. अशा कोंडीत दहा-बारा वर्षे जुनी गाडी अचानक बंद पडली, की गॅरेजमध्ये बहुतेक वेळा दोन उत्तरे मिळतात. एक, ‘पंप गेला’. दुसरे, ‘हल्ली पेट्रोलच तसं येतंय’. दोन्ही खरी असू शकतात. मात्र तपासणीविना ती मान्य केल्यास काही हजारांचा खर्च होतो, गाडी महिन्याभरात पुन्हा बंद पडू शकते आणि दाद मागायची तर हातात कागद नसतो. म्हणूनच या बिघाडाचे निदान कसे होते आणि त्यात ‘ई-२०’ पेट्रोलचा वाटा किती, हे समजून घ्यायला हवे.

फ्युएल पंपाचे काम काय?

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत इंजिनाला जोडलेला साधा यांत्रिक पंप असे. इंजेक्शन प्रणाली आल्यावर विजेवर चालणारा पंप थेट पेट्रोलच्या टाकीत गेला. तो पेट्रोल खेचून साधारण ३ ते ४ बार दाबाने इंजिनाकडे पाठवतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असल्याने तो त्याच पेट्रोलमुळे थंडही राहतो. टाकी सतत ‘रिझर्व्ह’वर ठेवली, तर पंप उघडा पडतो, तापतो आणि लवकर झिजतो. टाकीच्या तळाचा गाळही जाळीत अडकतो.

बिघाडाची लक्षणे कोणती?

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. चढावर किंवा ओव्हरटेक करताना गाडी धक्के मारते, पिकअप मिळत नाही. मागच्या सीटखालून किंवा टाकीच्या बाजूने घरघर वाढते. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर निमूट सुरू होते, हे पंपाची मोटर थकल्याचे नेहमीचे लक्षण. मात्र क्रँकशाफ्ट सेन्सर बिघडला, तरी गाडी अशीच वागते. त्यामुळे लक्षणावरून संशय घेता येतो, निकाल देता येत नाही. नुसते मायलेज कमी होणे हे तर पंपाच्या बिघाडाचे लक्षण मानताच येत नाही.

वसई-विरारमध्ये सीएनजीचा संबंध काय?

या पट्ट्यात रोजच्या प्रवासासाठी सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या मोठ्या संख्येने आहेत. सीएनजीची गाडीही सहसा पेट्रोलवर सुरू होते आणि मग गॅसवर जाते. पेट्रोल फार लागत नाही, म्हणून अनेक जण टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर ठेवतात. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप चालूच राहतो. जवळपास रिकाम्या टाकीत असा पंप रोज तास-दोन तास फिरला, तर तो वेळेआधी जाणारच. यात पेट्रोलचा दोष नसतो. गाडी गॅसवर जाताच पंपाचा पुरवठा तोडणारी जोडणी किटमध्ये आहे का, हे पाहिल्याशिवाय नवा पंप बसवणे म्हणजे त्यालाही त्याच वाटेने पाठवणे.

दुसरी बाब हवेची. समुद्र, खाडी आणि मिठागरांलगतच्या या भागात हवेत ओलावा आणि खारटपणा असतो. पावसाळ्यात सखल भागांत पाणी तुंबते. जुलै २०१८ मध्ये तर इथली रेल्वेसेवाही पाण्यामुळे ठप्प झाली होती. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे कपलर, रिले आणि अर्थिंगची टोके गंजतात. मग पंप धडधाकट असूनही त्याच्यापर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही आणि ‘पंप गेला’ असे वाटते.

मग ‘ई-२०’चा वाटा किती?

‘ई-२०’ म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. देशाने १० टक्के मिश्रणाचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ई-२०’ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचे लक्ष्य गाठल्याचे केंद्राने जाहीर केले. आधी यासाठी २०३० सालची मुदत होती. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे सुटे भाग या इंधनाला टिकतील असे बनवण्याचे ठरले. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे.

इथेनॉल तीन प्रकारे त्रास देऊ शकते. ते जुन्या प्रकारच्या काही रबरांना आणि प्लास्टिकला फुगवते किंवा कडक करते. ते चांगले द्रावक असल्याने टाकीत वर्षानुवर्षे साचलेला थर सुटतो आणि जाळीत व फिल्टरमध्ये अडकतो. तिसरे म्हणजे ते पाणी शोषते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले, की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. पंप पेट्रोल खेचतो तो तळातूनच. सीएनजीच्या गाडीत तेच थोडे पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते आणि दमट हवेत हा धोका वाढतो.

पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये मोठ्या नुकसानीचे दावे फेटाळले. मात्र काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हेही मान्य केले. हा खर्च किरकोळ असल्याचे मंत्रालयाचे म्हणणे आहे. रबरी रिंगेपुरते ते खरे आहे. मात्र अनेक गाड्यांत पंप, जाळी, फिल्टर आणि इंधनमापक असा एकत्रित संचच विकला जातो. आतला एक भाग गेला, तरी ग्राहकाला पूर्ण संचाची किंमत मोजावी लागते.

मायलेजचा मुद्दा वेगळा. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ‘ई-१०’साठी जुळवलेल्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता.

निदान कोणत्या क्रमाने व्हावे?

स्वस्त आणि सोपे आधी. चावी ‘ऑन’ केल्यावर साधारण दोन सेकंद पंपाची बारीक घुंई ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले. त्यानंतर पंपाच्या कपलरवर मल्टिमीटर लावून बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज येते का आणि अर्थिंग नीट आहे का, हे पाहावे. वीज पोहोचत नसेल तर दोष वायरिंगचा. वीज पोहोचूनही पंप गप्प असेल, तर पंप गेला.

पंप फिरत असेल, तर दाबमापक लावल्याशिवाय पुढचे काही ठरत नाही. दाब त्या मॉडेलच्या प्रमाणात आहे का, ॲक्सिलरेटर दाबल्यावर टिकतो का, इंजिन बंद केल्यावर लगेच कोसळतो का, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. दाब कमी असल्यास आधी फिल्टर आणि जाळी पाहावी. टाकीतले थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून काही वेळ ठेवले, की तळाशी पाणी किंवा गाळ दिसतो. तसे आढळले, तर टाकी साफ न करता नवा पंप टाकणे व्यर्थ.

पंप बदलताना काय पाहावे?

हे काम घरी करून पाहण्यासारखे नाही. टाकी उघडल्यावर पेट्रोलची वाफ पसरते आणि एक ठिणगीही पुरते. मोकळ्या हवेत, बॅटरीची ऋण टोक काढून आणि पाइपमधला दाब उतरवूनच पंप काढला जातो. झाकणाभोवतीची माती आधी पुसावी, नाहीतर ती टाकीत पडते. जाळी आणि झाकणाची रबरी रिंग नवीच हवी. नवा पंप ‘ई-२०’ला चालणारा आहे का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावे. टाकीत पुरेसे पेट्रोल भरूनच गाडी सुरू करावी आणि गळती तपासावी. जुना पंप मात्र मागून घ्यावा. तोच पुरावा असतो.

खर्च कोणाच्या माथी?

आधी रिकॉल तपासावे. पंपाचा दोष कधी कधी कारखान्यातूनच येतो. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगन-आर आणि बलेनोच्या १ लाख ३४ हजार ८८५ गाड्या पंपातील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. होंडाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जुन्या मॉडेलच्या ९० हजारांहून अधिक गाड्यांचे पंप बदलण्याचे जाहीर केले. तिथे पंपातील पेट्रोल ढकलणारी चकती सदोष होती. अशा मोहिमेत पंप मोफत बदलला जातो. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस क्रमांक टाकला, की आपली गाडी यादीत आहे का ते कळते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेली असेल, तर कंपनीचा निरोप नव्या मालकापर्यंत पोहोचेलच असे नाही.

रिकॉल नसेल तर वाट अरुंद आहे. वॉरंटी संपलेली असते. नेहमीच्या वाहन विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड धरले जात नाहीत. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा, ही मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. म्हणजे इंधन निवडण्याचा अधिकार वाहनमालकाकडे नाही, पण त्याच्या परिणामांचे बिल त्याच्याकडेच येते. इथेनॉलमुळे नुकसान झाले, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच पडतो.

हा भार पेलायचा तर नोंदी हव्यात. पंपाचा मोजलेला दाब, कपलरवरचे व्होल्टेज, टाकीत काय आढळले आणि कोणता भाग बदलला, हे बिलावर लिहून घेणे सर्वांत स्वस्त संरक्षण आहे. चुकीच्या दुरुस्तीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, तिथेही हाच कागद उपयोगी पडतो. अशा नोंदी साठत गेल्या, तरच जुन्या गाड्यांवर ‘ई-२०’चा खरा परिणाम किती, या वादाला गॅरेजमधल्या अंदाजापलीकडचा आधार मिळेल. तोपर्यंत टाकी किमान पाव भरलेली ठेवणे, सीएनजीची गाडी आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवणे आणि फिल्टर वेळेवर बदलणे, एवढे तरी वाहनमालकाच्या हातात आहे.