द्रवरूप कार्बनचा हिशेब

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातील मत्स्यपेट्यांच्या दुकानांत ‘लिक्विड कार्बन’ अशी चिठ्ठी लावलेली बाटली हल्ली हमखास दिसते. पाणवनस्पती लावलेल्या पेटीत रोज थोडे द्रव टाकावे, पाने भराभर वाढतात, असे विक्रेता सांगतो. तेथून पायी जाण्याच्या अंतरावर प्रिन्सेस स्ट्रीट. औषधे, रसायने व शस्त्रक्रियेची साधने यांची ही जुनी घाऊक पेठ. येथे पाच लिटरच्या कॅनमध्ये ग्लुटाराल्डिहाइड मिळते. इस्पितळांत दुर्बिणी व हत्यारे निर्जंतुक करण्यासाठी ते वापरले जाते. दोन्ही बाटल्यांतील मूळ द्रव्य एकच. काही उत्पादक त्यास निराळे लांबलचक नाव देतात, परंतु तेही ग्लुटाराल्डिहाइडचेच भावंड होय.

भावातील फरक पाहिला की व्यापारी घरातील तरुणाच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की घाऊक माल आणावा, पाणी मिसळावे आणि वर्षभराची बेगमी करून ठेवावी. कृती अवघड नाही. बाजारातील द्रवाची तीव्रता साधारण दीड टक्का धरली जाते. २.४५ टक्क्यांच्या ६०० मिलिलिटर द्रवात ४०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी मिसळले की जवळपास तेवढीच येते. कॅनसोबत येणारी पूड मात्र त्यात घालावयाची नसते. त्या पुडीने द्रव अल्कधर्मी होऊन जंतुनाशनास सज्ज होते, आणि मग ते १४ ते २८ दिवसांतच निकामी ठरते.

बचत खरी आहे. पण कोणत्या वस्तूवर बचत झाली, हे पाहिल्यावाचून खतावणी पुरी होत नाही.

वनस्पतीच्या कोरड्या वजनात ४० ते ४५ टक्के कार्बन असतो. हवेशी समतोल राखणाऱ्या पाण्यात कर्बवायू दर लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम विरघळतो, आणि हवेच्या मानाने तो पाण्यातून सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. म्हणजे पाण्याखालील झाडास कार्बनची टंचाई असते, हे विक्रेत्याचे म्हणणे बरोबर आहे. आता बाटली ती टंचाई किती भरून काढते ते पाहू. १०० लिटरच्या पेटीस रोजची मात्रा सुमारे अडीच मिलिलिटर. तीत ग्लुटाराल्डिहाइड ३७ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्यात वजनाने ६० टक्के, म्हणजे २२ मिलिग्रॅम कार्बन. तो सर्वच्या सर्व कर्बवायूत रूपांतरित झाला असे उदारपणे मानले, तरी दर लिटरला दिवसाकाठी ०.८ मिलिग्रॅम पडतो. सिलिंडरने वायू सोडणारे हौशी लोक दिवे चालू असेतो ३० मिलिग्रॅमच्या आसपासची पातळी राखतात.

मग बाटली वापरणाऱ्यांच्या पेट्या स्वच्छ व हिरव्या का दिसतात? कारण हे द्रव्य शेवाळ मारते. प्रथिनांचे रेणू एकमेकांस जखडून टाकणे हा त्याचा धर्म आहे. त्याच गुणामुळे ते जंतुनाशक ठरले, आणि कातडी कमावण्याच्या धंद्यातही वापरले जाते. पानांवरची काळी, दाढीसारखी शेवाळ गेली की पानाला प्रकाश मिळतो आणि झाड उजळते. श्रेय मात्र कार्बनच्या खाती जमा होते. शेवाळनाशक म्हणून विकले असते तर नाव अधिक प्रामाणिक ठरले असते. खप कदाचित निम्माही झाला नसता. जेथे पिण्याचे पाणी गाळल्याशिवाय वापरत नाहीत, अशा घरात सूक्ष्म जीव मारणारे द्रव ‘खत’ या नावाने यावे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण नाव वाचून नव्हे, द्रव्य ओळखून ठरवावे.

वनस्पतींतही भेद आहे. व्हॅलिस्नेरिया आणि एगेरिया या पाण्यातील बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. म्हणजे ज्यांना बाटलीची गरज सर्वांत कमी, त्याच या द्रवाने विरघळल्यासारख्या गळून जातात. जावा मॉसलाही ते मानवत नाही.

घरातील माणसांची बाब याहून गंभीर. ग्लुटाराल्डिहाइडची वाफ डोळ्यांना व नाकाला झोंबते. त्वचेवर चट्टे उठतात. सतत संपर्काने दमा जडल्याची उदाहरणे इस्पितळातील कर्मचाऱ्यांत नोंदलेली आहेत. कामाच्या जागी हवेत त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत ०.०५ भागापेक्षा अधिक असू नये, अशी मर्यादा तज्ज्ञ सांगतात. साध्या लेटेक्स हातमोज्यांतून ते झिरपते; नायट्रिलचे हवेत. बंद स्वयंपाकघरात, सरबताच्या रिकाम्या बाटलीत, चिठ्ठी न लावता हे मिश्रण करून ठेवणे म्हणजे काटकसर नव्हे. त्यातून औद्योगिक वापराचे ५० टक्क्यांचे द्रव हाती आले आणि २.४५ टक्क्यांचे समजून मिसळले गेले, तर मात्रा वीस पट होते. मासे आणि कोळंबी तेवढ्यात तळाशी लागतात.

ज्यांना घरगुती उपायच हवा, त्यांनी कर्बवायू तयार करावा. साखर व यीस्टची पद्धत जुनी आहे, परंतु त्यात आंबवण होऊन मद्यार्क बनतो. जैन घरांत ती बहुधा नको असते. लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा हा मार्ग निर्वेध. १०० ग्रॅम लिंबूसत्त्वास सुमारे १३० ग्रॅम सोडा लागतो, आणि त्यातून ६८ ग्रॅमच्या आसपास वायू निघतो. पुष्कळसा पृष्ठभागावरून उडून जातो हे खरे, तरीही वरील २२ मिलिग्रॅमशी त्याची तुलना करून पाहावी. काचेची बाटली कधीही घेऊ नये, दाबाने फुटते. शीतपेयाची जाड प्लास्टिक बाटली, वायू नियंत्रित करणारी तोटी, आणि पाणी उलट येऊ न देणारी झडप एवढे साहित्य मत्स्यपेट्यांच्या दुकानातच मिळते.

अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशी मंद वाढणारी झाडे लावून दिवे सहा-आठ तासच ठेवले, तर यातील काहीच लागत नाही. वायू सोडत असल्यास तो रात्री बंद ठेवावा, आणि सकाळी दिवे लावण्यापूर्वी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत नाहीत ना, एवढे पाहावे.