वहीतली गाळलेली ओळ

फराळाचे दिवस आले की घराघरांत माळ्यावरची एक जुनी वही खाली येते. आमच्या वहीत अनारशांच्या चार ओळी झाल्या की मध्येच दुधाचा हिशेब, पुन्हा कृतीच्या दोन ओळी, मग धोब्याला दिलेले कपडे! सूनबाई उतरवून घेताना हिशेब गाळतात आणि कृती सलग जोडतात. आपल्या पेशींतली जनुकांची वहीही अशीच आहे, हे १९७७ साली फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या कामातून उघडकीस आले. त्याबद्दल १९९३ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

खरी गंमत पुढेच आहे. उतरवून घेणारा कधी हिशेबाबरोबर कृतीचीही एखादी ओळ गाळतो, आणि एकाच पानावरून निरनिराळी प्रथिने तयार होतात. मेंदूत हा प्रकार फार चालतो.

‘टाऊ’ नावाचे प्रथिन घ्या. आपल्या सतराव्या गुणसूत्रावर त्याचे एकच जनुक आहे, पण प्रौढ माणसाच्या मेंदूत टाऊचे सहा प्रकार सापडतात. दुसरा तुकडा ठेवायचा की नाही, त्याच्या जोडीला तिसरा घ्यायचा की नाही, आणि दहावा घ्यायचा की गाळायचा, एवढ्यावर हे सहा भाऊ वेगळे होतात.

त्यांचे काम पालघरकरांना समजावून सांगायला नको. तिथे आयुष्य रुळांवरच जाते. चेतापेशीपासून एक लांब तंतू निघतो. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारा तंतू जवळजवळ मीटरभर भरतो! माल बनतो मुख्यतः पेशीच्या मुख्य भागात, आणि तो टोकापर्यंत जातो सूक्ष्म नलिकांच्या रुळांवरून. टाऊ हे रूळ धरून ठेवतो. दहावा तुकडा असला तर त्याला चार पकडी असतात, नसला तर तीन. चार पकडींचा अर्थातच अधिक घट्ट धरतो. गर्भाच्या मेंदूत सर्वांत लहान, तीन पकडींचा भाऊ तेवढा असतो. मोठेपणी दोन्ही जाती साधारण निम्म्या-निम्म्या. प्रौढ उंदराच्या मेंदूत मात्र जवळजवळ सगळे चार पकडींचेच, त्यामुळे उंदरावरून माणसाचे निदान करणाऱ्यांनी जरा जपून असावे.

टाऊची वस्ती मुख्यतः त्या लांब तंतूत. पण सगळे भाऊ एकाच खोलीत राहत नाहीत. २०१३ साली उंदरांच्या मेंदूत असे दिसले की त्यांतला एक प्रकार पेशीच्या केंद्रकात अधिक आढळतो. रुळांवरचा गडी स्टेशनमास्तरांच्या कचेरीत!

हे सारे मी वाचायला लागलो ते आमच्या एका स्नेह्यांमुळे. पालघरला घर, आणि तीस वर्षे नोकरी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत. रोज बोईसरला उतरायचे. निवृत्तीनंतरही जुन्या मंडळींना भेटायला जात. गेल्या वर्षी ते मधल्याच उमरोळीला उतरले आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. वहिनींनी मला विचारले, “भावजी, हे वय म्हणायचं की आजार?”

मी म्हटले, आधी डॉक्टर. थायरॉइड बिघडले, बी-१२ कमी पडले, मन खचले, तरी माणूस विसरतो, आणि त्यांवर उपाय असतात. आल्झायमरच्या आजारात मात्र टाऊ रुळांवरून सुटतो आणि पेशीच्या मुख्य भागात त्याच्या गुंतवळी साचतात. डॉ. अलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली वर्णन केल्या त्या याच. तिथे तीन आणि चार पकडींचे दोन्ही सापडतात. पिकच्या आजारात मुख्यतः तीनचे. आणि १९९८ साली तर काही घराण्यांत असे आढळले की प्रथिन अगदी निर्दोष, फक्त दहावा तुकडा जास्त वेळा घेतला जातो, आणि तेवढ्यानेच ऐन पन्नाशीच्या आसपास बुद्धी ढासळते.

“मग ती ओळ दुरुस्त करता येत नाही का?” वहिनींचा पुढचा प्रश्न. मला तो फार शहाणपणाचा वाटला. लहान मुलांच्या स्नायू दुबळे करणाऱ्या एका आजारात, पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींसाठी, गळणारी ओळ पुन्हा घ्यायला लावणारे औषध २०१६ साली अमेरिकेत मंजूर झाले आहे. टाऊचा पुरवठाच कमी करणारी औषधे माणसांवर तपासली जात आहेत. पण आज दुकानात मागावे असे काही नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “बरं. तोवर ह्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशात पत्ता शिवून ठेवते. आणि बोईसरला मी बरोबर जाईन.”